पोटातलं ओठावर

त्या हिवाळ्यात वेधशाळेत वीज नव्हती.
खालच्या गावातून वर येणारा पाळणा
अर्ध्या तारेवर लटकून राहिलेला,
आत माणसांच्या जागी बर्फ बसलेला.
तिबिलिसीत सरकार कुणाचं, हे दर आठवड्याला बदलायचं,
पगार न येणं तेवढं कायम.

लाकूड संपलं तेव्हा ओतारकाकांनी खुर्च्या फोडल्या,
मग पक्षाच्या अधिवेशनांचे अहवाल
(आई म्हणाली, एवढे कोरडे की काडीही लागत नाही)
आणि मग उरल्या निरीक्षणांच्या वह्या.
एकतीस वर्षांच्या रात्री. निळी शाई.

मी नऊ वर्षांची. माझं काम पानं फाडायचं.
आईचं काम, पान शेगडीत जाण्याआधी
एकदा मोठ्यानं वाचायचं.
"सात मार्च. प्लेट दोनशे बारा.
पश्चिमेकडून ढग. तीन दहाला थांबलो."
आत.
"हात गारठले. अभिजित दोनदा धरला, दोनदा सुटला.
ओतारला मुलगी झाली."
आत.

वर घेवड्याची आमटी रटरटत होती.

त्या शेगडीपुढं तिनं मला कृष्णविवर सांगितलं.
तारा स्वतःतच कोसळतो,
आणि मग प्रकाशालाही परतीची वाट राहत नाही.
"त्यात वही टाकली तर?"
"गेली."
पण विवरही अमरपट्टा घेऊन आलेलं नसतं.
युगानुयुगं ऊब सोडत सोडत तेही विरतं,
आणि त्या उबेत, हिशोब सांगतो, एक अक्षर नसतं.
दगड गिळलेलं विवर आणि तेवढ्याच वजनाचं पत्र गिळलेलं विवर
एकाच तापानं फणफणतं.

"मग वहीत लिहिलेलं कुठं गेलं?"
"त्यावरच तर भांडण आहे," आई म्हणाली,
"मॉस्कोतले दोन म्हातारे त्यापायी
एकमेकांच्या चहाला जात नाहीत."

तिचं मत ठरलेलं. निसर्ग विसरत नाही,
फक्त अक्षर गिचमिड काढतो.
आणि विवर पोटात ठेवत नाही काही.
जे गिळलं त्याची नोंद काठावर, कातडीवर,
जिथून मागे फिरता येत नाही त्या ओठावर.
पोट केवढं, याला अर्थ नाही,
ओठ जेवढा रुंद तेवढंच त्याला आठवणार.

"पण वाचणार कोण?"
"तो भौतिकशास्त्राचा प्रश्न नाही. पान दे."

मी आता रुस्तावीत लोकांचे दात काढते.
आई जाऊन सहा वर्षं झाली.
परवा वेधशाळेतून बेका नावाच्या मुलाचा फोन आला.
काच जळत नाही, म्हणून प्लेटा तेवढ्या राहिल्यात,
सहा हजार, सगळ्या शाबूत,
पण कुठली कुठल्या रात्रीची, ते वह्यांत होतं.
"तुम्हाला काही आठवतं का?"

मी नाही म्हणणार होते.
हातात सुई होती, खुर्चीत माणूस होता.
"दोनशे बारा," मी म्हणाले, "सात मार्च,
पश्चिमेकडून ढग."
आणि मग थांबताच येईना,
आवाज माझा, ठेका आईचा,
मधेच घेवड्याचा वास.
चाळीसेक रात्री निघाल्या. क्रम नाही, सलग नाही.

बेका लिहून घेत होता. म्हणाला,
अलीकडे असं मानतात की विवर अर्धं सरेपर्यंत
नुसती ऊबच येते बाहेर.
अक्षरं त्यानंतर सुटू लागतात.
मी वय मोजलं. मोजून सोडून दिलं.

"आणि ही मुलगी झाली ती रात्र? प्लेट कितवी?"
ते मला माहीत नाही.
ओतारकाकांनाही विचारता येणार नाही आता.
ती मुलगी पोलंडला असते म्हणतात, ट्रक चालवते.

फोन ठेवला तेव्हा खुर्चीतला माणूस,
तोंड उघडं, अर्धा ओठ बधिर,
मला केव्हापासून काहीतरी सांगत होता.