दहा मीटर सपाट

सोळा चमकते मणी चिकटवले त्यांच्या पायांवर,
खुब्याला, गुडघ्याला, घोट्याला, टाचेला,
आणि म्हटलं, चाला. नेहमीसारखं.
"नेहमीसारखं म्हणजे चढ की उतार?"
ओयार्सूननी विचारलं.
वालपराइसोत एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस;
सपाट जमीन त्याला फक्त बंदरावर भेटायची,
तीही ओली.

इथे दहाच मीटर आहेत, मी म्हटलं. सगळे सपाट.

चालले.
टाच टेकली, तळवा पसरला, घोट्यावरून अख्खं शरीर
पुढे कललं, पडायला निघालं,
आणि पडायच्या आत दुसरी टाच हजर.
चालणं म्हणजे एवढंच: वेळेवर सावरलेलं पडणं,
मिनिटाला एकशेआठदा.
शंभरातले साठ हिस्से पाय जमिनीला बांधील,
चाळीस हिस्से हवेत;
आणि मध्ये दोनदा, पापणी लवेतो,
दोन्ही पाय एकदम खाली,
जणू एकाने दुसऱ्याला विचारावं, जाऊ ना मी?

फरशीखालच्या काट्याने त्यांचं वजन रेघेत लिहिलं.
दोन उंचवटे, मध्ये खळगा.
ते पडद्याकडे वाकले:
"हा बारोन, हा लेचेरोस.
मधल्या घळीत एक बाई राहायची, तिला कधीच पत्र आलं नाही.
तरी दार उघडायची."

डावं पाऊल चौसष्ट सेंटीमीटर,
उजवं एकोणसाठ.
मी अर्जावर लिहिलं: असमान. कारण:
आणि थांबले.
गुडघे ठीक होते. खुबे ठीक होते. पायांची लांबी सारखी.

मग वजनं ठेवायची कातडी पिशवी रिकामी केली,
जुन्या तपासण्यांचे कागद कोंबले, सात किलो भरले,
आणि डाव्या खांद्यावर दिली.
त्यांनी न बघता पट्टा सारखा केला.
चालले.
बासष्ट. बासष्ट.

संगणकाला विशेष काही वाटलं नाही.
मी पुन्हा चालवलं: बासष्ट, एकसष्ट.
अर्जात ओझ्यासाठी रकाना नाही.

बुटांच्या नाड्या बांधत ते म्हणाले, "पिशवी नेऊ का?"
सरकारी आहे, मी म्हटलं.
"माझीही सरकारीच होती."
आणि लिफ्ट सोडून जिन्याकडे गेले.

दाराआडून मी नुसत्या कानांनी मोजलं.
पावलं एकसारखी उतरत होती.
चौदाव्या पायरीवर थांबली,
मग पुढे.