मिठाची गुळणी

बेकरी माझ्या नावावर झाली तेव्हा
मामाने किल्ली दिली, वही दिली,
म्हणाला, एतेरी, पिठाचा हिशेब चोख ठेव.
माणसांचा कसा ठेवायचा
ते त्यालाही कुणी सांगितलं नसावं.

कुताइसी. रिओनीच्या पुलापासून चौथं दार.
आमची भट्टी, तोने, मातीची,
विहिरीसारखी, तोंड आभाळाकडे.
पहाटे चारला नोदार तिच्यावर ओणवतो,
अर्धा आत, पाय हवेत,
आणि होडीच्या आकाराची शोती
थापतो आतल्या तापल्या भिंतीवर.
त्याआधी मिठाच्या पाण्याचा एक शिपका.
भिंत चुरचुरते, मग पाव धरून ठेवते.

त्या शनिवारी धरला नाही.
कुणाच्या तरी तेराव्याला असतं तसं इथेही
मयताचं जेवण असतं, पानं खोळंबून चालत नाही.
नोदारची कंबर धरली होती म्हणून
लुखुमी थापत होता. वय सतरा.
अडतीस शोती निखाऱ्यांत पडल्या.
मी गिऱ्हाइकांसमोर ओरडले:
तुझ्या हातांना भोकं आहेत का?
का पडल्या, ते विचारायचं राहून गेलं.

मग तीन आठवडे काय छान गेले!
कुरकुर नाही, उलट उत्तर नाही.
हो एतेरी. झालं एतेरी.
वहीत पिठाच्या रकान्याखाली
मी लिहून ठेवलं: आता शिस्त आली.
आजही ते पान आहे. फाडलेलं नाही.

एका मंगळवारी भट्टीच्या पोटातून
परातीएवढा पोपडा सुटून खाली आला.
राख दारापर्यंत.
नोदार कपडे झटकत म्हणाला,
तडा जुना आहे. पोराच्या शनिवारच्याही आधीचा.
कुणाकुणाला माहीत होतं?
त्सिआला कणीक मळत होती, तिने मान वर केली नाही.
सगळ्यांना, ती म्हणाली.
चीज घेऊन येते त्या बाईलासुद्धा.

मला वाटायचं, मीठ फक्त भिंतीला लागतं.
माझ्याच छपराखाली चार माणसं
एकवीस दिवस
मिठाची गुळणी धरून बसली होती.

भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागले.
दुरुस्तीला वाझा आला, पण त्याचं पोट
तोंडातून आत जाईना.
मी उतरले. कंदील घेऊन, डोक्याला फडकं बांधून.
आतून माझं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं.
तडा खांद्यापासून कमरेपर्यंत,
आणि अर्ध्यावर कुणीतरी ओली माती दाबलेली,
भाजून टणक झालेली,
तीत चार बोटांचे ठसे.
रात्री कधीतरी, एकट्याने, कुणाला न सांगता.
मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली.
बसली नाहीत. त्याची लांब आहेत.

वरून वाझाने विचारलं, काही आहे का तिथे?
कच्चं काम आहे, मी म्हटलं, खरवडावं लागेल.
आणि खरवडलं. त्याला इलाज नव्हता.

ओरडले होते चारचौघांत,
तेव्हा माफीही चारचौघांत.
शनिवारच्या रांगेत, काजळी नखांत तशीच.
लुखुमी शोती मोजत होता.
ऐकलं की नाही कळेना.
मग म्हणाला, त्या आजींना तू दोन लारी कमी परत दिलेस.

आता दार उघडण्याआधी मी रोज विचारते,
काय मोडलंय?
पहिला आठवडा कुणी बोललं नाही.
आठव्या दिवशी त्सिआला म्हणाली, तराजू.
आणि जरा थांबून: तुझा आवाज.
तराजू त्याच दुपारी दुरुस्त झाला.

भट्टी जमली आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात.
मी वहीत तसं काही लिहिलेलं नाही.
लुखुमी मला अजूनही
हो म्हणतो, प्रश्न संपायच्या आत.