फूटपट्टीएवढं

बोरेगोच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
डेल्फिना किरोझने पेटीचं झाकण काढलं
आणि नेहमीचं पहिलं वाक्य म्हणाली:
"ही चावत नाही असं मी म्हणणार नाही,
तोंड असलेलं कुणीही चावतं.
विष मात्र हिच्याकडे नाही."

रोझी बोआ. अंगठ्यापेक्षा जरा जाड,
राखाडी अंगावर गंजाचे तीन पट्टे,
शेपटी इतकी बोथट की तोंड कुठलं ते शोधावं लागतं
(आमच्या मांडुळाच्या कुळातलीच लबाडी ही).
रानउंदराच्या घरट्यात शिरून ती पिल्लं गिळते,
तेव्हा उंदरीण जीव खाऊन चावते
ती या शेपटीला.
"व्रण मोजा," डेल्फिना म्हणाली.
सात.
"म्हणजे निदान सातदा जेवली."

चालते ती पोटावर, सरळ,
शिलाई मशीनखालून कापड सरकावं तशी.
घाई तिला माहीतच नाही.
जुलैत, दिवस मावळल्यावर,
ग्रॅनाइटच्या भेगेतून निघून ती डांबरावर आली,
रात्री उशिरापर्यंत ऊन धरून ठेवतं ते डांबर.
पिकअपचं चाक जबड्याच्या कडेवरून गेलं.
रस्त्याचे खड्डे बुजवणाऱ्या रूफस टॅकेटने
तिला जेवणाच्या डब्यातून आणलं.
जबडा जुळला, पण वाकडा.
आता जिवंत काही धरता येत नाही;
फ्रीजमधला उंदीर, कोमट पाण्यात भिजवून, चिमट्याने.
ऑगस्टपासून तोही नको झालेला.
डेल्फिनाने जबड्याला दोष दिला.

"ही झोपते कशी? पापण्याच नाहीत."
"उघड्या डोळ्यांनी."
"माझे आजोबा टीव्हीसमोर झोपतात तशी,"
इत्झेल म्हणाली, आणि वर्ग हसत असताना
टॉवेलवर काहीतरी ओलं चमकलं.

पारदर्शक पिशवी. आत वेटोळं.
मग पिशवीला एक नाकाएवढं भोक.
"अंडं कुठंय?" कुणीतरी विचारलं.
डेल्फिना, अठरा वर्षं हेच काम करणारी,
उत्तर पाठ असलेली,
काहीच बोलली नाही.
एका मुलाने दप्तरातून पट्टी काढून
टॉवेलशेजारी ठेवली, हात न लावता.
तीस सेंटिमीटर. पट्टी संपली तिथंच पिल्लूही.

डबा खायची घंटा झाली. कुणी उठलं नाही.
पाच झाली. पाचवं हललं नाही.

आईने एकाकडेही मान वळवली नाही.
"हिला वाईट वाटतंय का?"
"मला माहीत नाही," डेल्फिना म्हणाली.
"हिच्याकडे ते काम नसतं.
आयतं घर नाही, घास नाही,
फक्त पट्टे देते, आणि शेपटी."

परवाना यायला नऊ दिवस लागले.
रूफसने जागा दाखवली: बाराव्या मैलाचा खांब,
त्यामागे फुटलेला ग्रॅनाइट, रानउंदराचं काटक्यांचं घर.
आई गाडीत, पेटीत, झाकण लावलेलं.
तिला अजून वीस-पंचवीस वर्षं शाळा आहे.

अंधार पडता पडता
चार शेपट्या एकेक करून भेगेत गेल्या,
बोथट, कोऱ्या,
एकही व्रण नसलेल्या.