टाचेखालची वाळू

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
जी पत्र्याची शेड आहे, तिथे आमचा क्लास.
आठवड्यातून चार दिवस. उरलेले तीन दिवस तिथे जाळी असतात,
आमच्या चटयांना सुक्या बांगड्याचा वास येतो
तो त्यामुळे.

माझी लाथ जड होती. म्हणजे जोरदार नव्हे, जड.
निघायची उशिरा,
आणि पोचल्यावर पाहुण्यासारखी तिथेच बसायची.
कुडाळच्या स्पर्धेत एका सातवीतल्या पोरीने
माझा पाय हवेत असतानाच
तीन गुण घेतले, वर केसांची पिनही नीट केली.

इनास सर दिवसभर बर्फाची गाडी चालवतात,
संध्याकाळी शिकवतात. परतीच्या वाटेवर म्हणाले,
"लाथ मारूची घाई करू नको गो,
परत घेवची घाई कर.
तुझो पाय अजून थयच असा, कुडाळात."

मग मी परत घ्यायला शिकले.
भिंतीला हात टेकून, गुडघा छातीशी,
सोड, ओढ, सोड, ओढ,
सोडण्यापेक्षा ओढणं चटकन.
ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभी राहून तेच,
कारण पाणी पायाला सहजी सोडत नाही
आणि आळस नेमका कुठल्या सांध्यात बसलाय
ते दाखवून देतं.
तिसऱ्या वेचणारी रुक्मा काकी कमरेत वाकूनच विचारायची,
"दर्याक कित्याक मारतंस गो? त्याणी काय केल्यान तुका?"

शबिस्ताच्या भावाच्या फोनवर हळू चालणारी फिल्म निघते.
जमीन सोडल्यापासून पॅडला लागेपर्यंत
बावीस चौकटी. दिवाळीनंतर एकोणीस.
नाताळात अठरा.
मग अठराच. महिनाभर अठरा.
आणि जोर? शबिस्ता पॅड धरून
मला तिच्या मावशीच्या लग्नाची हकीकत सांगायची,
मध्येच जांभई द्यायची.
मी मारत राहायचे.

एका सकाळी रापण लागली होती.
बाबा दोरीवर, मागून तिसरे.
मी बाजूला वाळूत माझं चालू ठेवलं.
त्यांना लाथेतलं काही कळत नाही,
टीव्हीवर मारामारी आली की ते उठून पाणी प्यायला जातात.
पण दम खायला थांबले तेव्हा
माझ्याकडे नाही, माझ्या पायाखाली बघितलं त्यांनी.
"हयसर बघ. तू नुसती उभी रवतंस.
उभ्या उभ्या दोरी येना नाय."

मी बघितलं.
ज्या पायावर उभी राहून मी दुसरा पाय फेकत होते
त्याचा ठसा साळसूद होता,
पाची बोटं मोजता येतील असा.
आणि बाबांच्या टाचेखाली वाळू
फिरून फिरून खळगी झालेली,
कडेने भिंगरीसारखे वळ,
त्यात पाणी झिरपत होतं.

म्हणजे पाय मारत नव्हताच कधी.
मारायची ती कंबर,
आणि कंबरेला वळू द्यायचं तर
आधी टाचेने जागा सोडायची.
हे सर वर्षभर सांगत होते बहुधा.
मी उडणाऱ्या पायाकडे बघत होते.

त्यानंतर मी पॅडकडे बघणं सोडलं.
रोज पहाटे पंधरा लाथा, आणि प्रत्येक लाथेनंतर
खाली वाकून ठसा.
चपटा आला की पुसून टाकायचा, पुन्हा.
कुत्रीसुद्धा वास घ्यायला येऊ लागली,
मला काय सापडतंय ते बघायला.

शेडमध्ये तो आवाज झाला तो मंगळवार होता.
शबिस्ता मावशीच्या सासूपर्यंत आली होती.
वाक्य अर्धंच राहिलं,
पॅड चटईवर, ती दोन पावलं मागे जाळ्यांत,
आणि हसू की रडू हे तिचं तिलाच ठरवता येईना.
नंतर डब्यातली भाकरी तिला मोडता येईना,
बोटं झिणझिणत होती.
मी मोडून दिली.

चौकटी किती, ते कळलंच नाही.
बर्फाच्या पेटीला टेकवलेला फोन आडवा पडला होता.
त्यात पत्र्याचं छप्पर दिसतं,
एक कावळा,
आणि तो आवाज.