पाण्याची नळी

नळी वीस हात लांब, आरपार दिसणारी,
दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली.
एक काठी माझ्या हातात,
दुसरी थोरल्या दिराच्या, नोआगाच्या.

सात वर्षं झाली,
एका गाढवावरून आमच्यात बोलणं नाही.
गाढवही मेलं मधल्या काळात.

पण याटेंगाच्या या उतारावर
दगडांची ओळ आखायची तर दोघं लागतात,
आणि हाताशी येण्याजोगे बाकीचे सगळे
सोन्याच्या खाणीकडे गेलेले.

अशा जमिनीला आम्ही झिपेले म्हणतो.
उघडी, टणक, कुदळ मारली की कुदळच वाजते.
पाऊस येतो, तिच्यावरून चालत जातो,
जाताना मूठ मूठ माती उचलतो
आणि वरच्या कुणाला कधी परत देत नाही.

नळीतलं पाणी डोलतं,
हवेचा बुडबुडा अडला तर खोटंही बोलतं.
मग टिचक्या मारायच्या, वाट बघायची.
"वर," मी म्हणते.
याला काही बोलणं म्हणत नाहीत.
"खाली," तो म्हणतो.
दोन्हीकडचं पाणी खुणेवर आलं
की टाचेनं रेघ ओढायची, पुढं सरकायचं.

रेघ सरळ जात नाही.
बाभळीला वळसा घालते,
वारुळाच्या पोटाशी येते,
आणि भर दुपारी, कुणाला न विचारता,
माझ्या शेतातून त्याच्या शेतात शिरते.

दोघंही थांबलो.
त्यानं हद्दीच्या दगडाकडे पाहिलं,
मी नळीकडे.
पाणी समसमान.

"खाली," तो म्हणाला, आणि काठी पुढं रोवली.

मागून पोरं गाडीतले दगड उतरवत होती,
एकाला एक घट्ट भिडवत होती.
"फटी ठेवा रे," तो ओरडला,
"पाण्याला जाऊ द्यायचं. पण चालत."
वरच्या अंगाला वीतवीतभर खड्डे घेऊ,
प्रत्येकात ओंजळभर शेणखत,
मग वाळवी येईल रात्रीची
आणि फुकटात जमीन पोखरून देईल.

संध्याकाळी नळी गुंडाळली.
आतलं पाणी उरलं, लोटीभर.
सांडायचं कुठं?
डब्यात ओतून त्याच्या नव्या गाढवापुढं ठेवलं.

गाढव पीत राहिलं. तो काठ्या बांधत राहिला.
"तेने," म्हणाला, गाठीकडे बघतच,
"उद्या लवकर ये.
उन्हात नळी मऊ पडते."