धूप

खारवेळच्या तुर्कबाबाला पायऱ्या सात होत्या.
माझ्या आठवणीत पाच.
आषाढातल्या उधाणानंतर दोन,
आणि त्यातल्या खालचीवर खेकडे.

सरकारी माणूस फीत लावून म्हणाला, इथं धूप आहे.
इब्राहिम सोलकर म्हणाला, असतोच, दर गुरुवारी.
कुणी हसलं नाही.
आत लोबान जळत होता,
बाहेर पाणी पायाखालची रेती नेत होतं.

कोण हा, विचारलं तर
सोलकरांकडे तो टोळीचा सरदार,
चारशे तंबूंचा धनी,
हजच्या वाटेवर गलबत भरकटलेला.
भंडारवाडीत तो घोड्यांचा व्यापारी,
शेवटचा घोडा विकवेना म्हणून राहिलेला.
माझी आत्या म्हणायची,
कोण का असेना, ताप उतरवतो.

चादर चालते, नारळ चालतो.
पण आधी मूठभर गवत.
का, ते मुजावरालाही ठाऊक नाही.
बायका सड्यावरून आणायच्या, ओच्यात.

मी गवंडी. कबर हलवायचं काम माझ्याकडे आलं.
चिऱ्याचिऱ्यावर खडूनं आकडे घातले.
कार्तिकात, ओहोटीला, पहाटे
इब्राहिमनं फातिहा वाचला,
गुरवानं गाऱ्हाणं घातलं:
बा म्हाराजा, जागा बदलतांव, राग धरू नको.
व्हय म्हाराजा, आम्ही सगळे.

आत हाडं नव्हती.
ओली रेती, शंखांचा चुरा,
आणि एक रिकीब, गंजून पापडासारखी.
इब्राहिमनं ती ओंजळीत घेतली
घरट्यातून पडलेलं पिल्लू घ्यावं तशी.
टेम्पोत बसला नाही.
घाटी चढला, अनवाणी, गुडघा दुखत असताना.

सड्यावर ऊन आलं होतं.
कापायचं राहिलेलं करड,
कमरेएवढं, पिवळं,
वाऱ्यासरशी या कडेपासून त्या कडेपर्यंत वाकत जाणारं.
झाड नाही. गडगा नाही.
समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

इब्राहिम उभाच राहिला.
मग म्हणाला,
आणि आपण ह्याला मुठीनं देत होतो.

मी ओळंबा काढला, दोरी ताणली.
दुपारपर्यंत चौथरा उभा राहिला,
फक्त तेवीस नंबरचा चिरा मिळेना.
तो खालीच राहिलाय.
भरतीला बुडतो, ओहोटीला दिसतो,
खडूचा आकडा कधीच गेला,
पण मला ओळखू येतो.