पान एकशे बारा

त्याच्या पुस्तकात पान एकशे बारावर मी आहे.
दीड ओळ.
"गल्ल्यामागची बाई किंचाळली,
आणि आम्ही पळालो."
एवढीच मी.
त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, ते नाही.
नावही नाही.

झेफेरिनु, तुझं पुस्तक मी दोनदा वाचलं.
सेतूबालच्या गल्ल्या, केसांतून न जाणारा सार्डिनचा वास,
डबे बंद करायच्या यंत्रात गेलेली तुझ्या आईची दोन बोटं,
सगळं खरं आहे.
बोटं तीन होती.
मी मोजायचे,
ती मला पाव द्यायची तेव्हा.

होड्या कधीही यायच्या. रात्री दोनला, तीनला.
प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा
आणि प्रत्येक आईला आपापला ओळखू यायचा.
आपल्या दोघींच्या आया एकाच भोंग्याच्या.
अंधारात एप्रनच्या गाठी मारत जिना उतरायच्या
आणि भिंतीपलीकडे तू रडायला लागायचास.
मी चमच्यानं भिंतीवर टकटक करायचे,
दोनदा.
तू गप्प व्हायचास.
हे तुझ्या पुस्तकात नाही.
तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार म्हणा.

मग तो नोव्हेंबरातला शुक्रवार.
पोस्टात पेन्शनवाल्यांची रांग,
आणि तू तोंडावर बाईचा मोजा ओढून.
"नोटा द्या," म्हणालास. आणि मग, "कृपा करून."
हातात पिस्तूल घेऊन कृपा करून कोण म्हणतं?
तुझ्या आईनं लावलेलं वळण ते,
मोज्यातून बाहेर आलं.
ओळखलं मी तुला तिथंच.
नोटा सवयीनं दोनदा मोजल्या.
नाणीही पुढे केली, तू घेतली नाहीस.
तेवढ्यात शेवटच्या चालू कारखान्याचा भोंगा झाला
आणि तुझा हात असा थरथरला
की मला पिस्तुलाची नाही, तुझी भीती वाटली.

पोलीस सात महिने विचारत होते.
उंची? आवाज? चालण्याची ढब?
मोजा, मी म्हणायचे. मोजा होता.
ब्र काढला नाही.
आधी मला गल्ल्यावरून उठवलं,
मग मागच्या खोलीत थैल्या शिवायला बसवलं,
मग घरी.
कुश्तोदियुच्या आईनं अंगठी परत मागितली.
चोराची भागीदार, म्हणाली,
आणि माझ्या हातचे बदामाचे लाडू मात्र डब्यासकट ठेवून घेतले.

तू पुढं दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच गुन्ह्यात सापडलास.
अकरा वर्षं.
तिथं तुला कागद मिळाला.
चांगलं लिहितोस, खोटं कशाला बोलू.

काल पुस्तकाच्या दुकानाबाहेर कारंज्यापर्यंत रांग होती.
टीव्हीची गाडी. छत्र्या.
मी पुस्तक छातीशी धरून एक तास दहा मिनिटं उभी.
गुडघ्यांनी शिव्या घातल्या.
तुझे केस पांढरे, करंगळीत खडा.
"नाव?"
देओलिंदा.
मान वर न करता लिहिलंस,
"देओलिंदाला, न हरणाऱ्यांसाठी."
माझ्या पुढच्या बाईलाही हेच दिलं होतंस.
मी म्हणाले, मी किंचाळले नव्हते.
"काय म्हणालात?"
टेबलावर दोनदा टकटक करावी
असं बोटांच्या मनात आलं.
मागचा माणूस खाकरला.
"काही नाही," मी म्हणाले. "सही सुंदर आहे."

रात्री दिवा लावून पान एकशे बारा काढलं.
किंचाळली या शब्दावर पेन्सिल टेकवली,
बराच वेळ.
भोंगा होता तो, बाळा.
पण तुला तो बाईचा आवाज वाटला असेल
तर कुठल्या बाईचा, ते मला माहीत आहे.
शब्द तसाच ठेवला.

खालच्या ओळीतली रक्कम तेवढी दुरुस्त केली:
दोन लाख नव्हे.
एक लाख सत्त्याऐंशी हजार चारशे एस्कुदो.
दोनदा मोजलेले.